गच्चीवरचं भौतिकशास्त्र

अक्षया शिवलकर आणि सर्वेश मयेकर यांचं जमलं. रीतसर बोलणी झाली, दोन्हीकडच्या मामांनी सवयीने आक्षेप घेतले, सवयीने मागेही घेतले. पण हे काही घडलेलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू. अक्षयाला तर याचा पत्ताच नाही. ती आत्ता दमलेली आहे.

रत्नागिरीजवळच्या एका नव्या विद्यापीठाची ती ग्रंथपाल. भौतिकशास्त्राचं एमएस्सी सुरू करायचं म्हणून तिला सांगण्यात आलं होतं, "चांगला संग्रह उभा करा." कुठली पुस्तकं घेऊ, असं तिने विभागात विचारलं. विभागप्रमुख म्हणाले, "चांगली घ्या." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "जाड घ्या. तपासणी समितीला जाड आवडतात." त्यानंतर विभाग चहाला गेला.

सप्टेंबरातल्या एका चिकट दुपारी तिच्या काउंटरवर एक पुस्तक येऊन आदळलं.

"हे उघडत नाही."

अक्षयाने मान वर केली. समोर एक तरुण. चष्म्यावर वाफ, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि चेहऱ्यावर तक्रार कमी, कुतूहल जास्त.

"प्रकाशशास्त्र आहे," ती म्हणाली. "बाहेरून वाचा."

"वाचलं. मुखपृष्ठ उत्तम आहे. पुढे?"

"पुढे बुरशी आहे."

तो हसला. ती हसली नाही, पण त्या दिवशी चहात साखर घालायची विसरली आणि चहा संपल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

सर्वेश मूळचा बुरोंडीचा, भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच कंत्राटावर आलेला. समितीने एमएस्सीला मान्यता दिली तर तो राहणार. नाही दिली तर ठाण्याच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना घासून-पुसून परीक्षेला पाठवणार. हे त्याने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. तेव्हापासून अक्षयाला पुस्तकांच्या दुकानदारांशी भांडायला नव्याने जोर आला. का आला, याची चौकशी तिने केली नाही.

मग रोज संध्याकाळी वाद.

"एकाच पुस्तकाच्या दहा प्रती कशाला? दहा वेगळी घ्या, संशोधनाला लागतात."

"सर, शिकवायला मुलं लागतात. मुलांना तेच पुस्तक लागतं, आणि तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी."

"तुमचा संशोधनावर विश्वासच नाही."

"आहे ना. तुमचा डबा कुठे हरवला त्यावर रोज करते."

तो रॅकवरून बोट फिरवत राहिला. पुस्तकाच्या पाठीवर ओल होती. बोट ओलं झालं.

पाऊस सरला तेव्हा निम्मा संग्रह फुगला होता. आता कोकणात भिजलेली कुठलीही वस्तू आधी उन्हात घालतात, मग तिचं काय करायचं ते ठरवतात. अक्षयाने तेच केलं. शिपाई सदूकाकांनी गच्चीवर चटया टाकल्या, झाडून सगळं भौतिकशास्त्र पसरलं, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर चिऱ्याचा तुकडा ठेवला, आणि आंबापोळीसारखं दर तासाने उलटायला बसले.

त्याच दुपारी समिती आली. यायची होती दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी त्यांना गणपतीपुळ्याला जायचं होतं.

अध्यक्ष रिकाम्या रॅकसमोर उभे राहिले. सर्वेशचा चेहरा पांढरा पडला. अक्षयाला वाटलं, झालं... चालला हा ठाण्याला.

"पुस्तकं कुठायत?"

खोटं बोलायलाही त्राण लागतं. तिच्यात तेवढं नव्हतं. "गच्चीवर आहेत सर. वाळत घातलीयत."

अध्यक्ष मनापासून हसले. "विनोदबुद्धी चांगली आहे!" मग सचिवांकडे वळून म्हणाले, "लिहा. ग्रंथ सतत वापरात. रॅकवर एकही शिल्लक नाही."

"सर, खरंच गच्चीवर..."

तेवढ्यात ढग गडगडले आणि जिन्यातून सदूकाकांची हाक आली, "बाय माझे, वर ये गो! क्वांटम भिजतोय!"

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रात्यक्षिक आहे सर," सर्वेश म्हणाला आणि पळत सुटला. मागोमाग अक्षयाही.

परतीचा पाऊस विचारून येत नाही. दोघांनी ताडपत्री ओढली, तिच्याखाली शिरून पुस्तकं पोटाशी धरली. डोक्यावर तडतड. चिऱ्याचा ओला, लालसर वास. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला, आणि हलवायला दोघांपैकी कुणालाच जमत नव्हतं.

"मी त्यांना खरं सांगितलं," ती धापा टाकत म्हणाली.

"सांगितलंस ना. त्यांनी मानलं नाही, त्याला तू काय करणार?"

"तू?"

तो गोरामोरा झाला. "चुकून... मॅडम..."

"राहू दे आता."

सदूकाका छत्री घेऊन वर आले. समिती गेली होती. जाताना मान्यता दिल्याचं सांगून गेली. एका वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी.

अक्षया तिथेच मटकन बसली. "म्हणजे हे सगळं परत?"

"परत."

"पुस्तकं परत भिजणार."

"भिजणार. मी परत वाळत घालणार." तो तिच्याशेजारी बसला. "मला आवडतं ते. म्हणजे... पुस्तकं नाही. तू."

मग तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "सर्वेश, मी फार दमलेय रे."

"मीही. सोबत दमू."

सदूकाकांनी छत्री दोघांवर धरली आणि स्वतः भिजत दुसरीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांच्या टेबलावर दोन सह्यांचा एक अर्ज पोचला: "सविनय विनंती, की उपरोक्त दोघांस एकाच वेळी, एकाच ठिकाणी, काहीही न करण्याकरिता एक महिन्याची भरपगारी रजा मंजूर व्हावी, आणि सदर कालावधीत रत्नागिरी जिल्ह्यातील हवेतला दमटपणा थांबवण्याबाबत संबंधितांस आदेश द्यावेत."