या जेवायला

थायलंडात सायकल चालवायची तर उजाडायच्या आत निघावं, ऊन चढलं की देवळाच्या सावलीत अंग टाकावं आणि बाजारातून चिकट भाताचा गोळा केळीच्या पानात बांधून घ्यावा, दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. तृप्ती हे कोणालाही सांगायची, विचारलं नाही तरी. एकट्या बाईनं परदेशात सायकल काय हाकायची, असं म्हणणाऱ्या नाशिक रोडच्या अख्ख्या कॉलनीच्या नाकावर टिच्चून ती जाऊन आली होती. मग सांगायला नको?

एक गोष्ट मात्र तिनं फक्त घरात सांगितली. नान नावाच्या गावापुढे, सुनसान रस्त्याकडेला ती जेवायला बसली होती. पुढ्यात भात, भाजलेल्या मिरचीची चटणी आणि पाण्यातल्या लाजाळूची भाजी. तिकडे ती लसणावर परतून खातात. आपली साधी लाजाळू रस्त्याच्या कडेनं दाट पसरलेली होती. वारा नव्हता. तरी दूरची पानं मिटली, मग अलीकडची, मग आणखी अलीकडची, आणि मिटत मिटत ती ओळ तिच्यासमोर येऊन थांबली. जेवताना कोणी आलं की आपल्या तोंडून जे निघतं तेच तिच्या तोंडून निघालं, "या जेवायला." वर हसून तिनं एक घास बाजूला ठेवला.

आपल्याकडे येणारा 'होऊ द्या' म्हणतो आणि पुढे जातो. तिथे कोणी काही म्हटलं नाही.

घरी परतल्यावर आठवडाही गेला नाही. अंगणात फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लाजाळू होती. दुपारी ताटं वाढली की ती फाटकाकडून दाराकडे मिटत यायची. तृप्ती आधी म्हणाली मांजर असेल, मग म्हणाली मुंगूस. मांजर काही ताटं वाढायची वाट बघत नाही, हे तिलाही कळत होतं.

तिच्या सासूबाई पुतळाबाईंचा जन्म चांदवडला कांद्याच्या वावरात गेलेला. त्या काय ऐकून घेणार!

"तू बोलावलं आन् ते आलं. आता ते जेवल्याबिगर जायचं नाय. सायकलच्या मागं आलंय ते. आधी ती सायकल घराबाहेर काढ."

धनराज, तिचा नवरा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकताच ड्युटी करून आला होता. बायकोची सायकल त्याला आधीपासूनच खुपायची; तेवढंच निमित्त पुरलं. "आई बरोबर बोलते. गिऱ्हाईक बघतो मी सायकलला."

तृप्तीच्या डोक्यात तिडीक गेली. "सायकलला हात तर लावून बघा! बोलावलं मी, वाटेला लावीन तेही मीच."

रविवारी सकाळी ती पेठच्या रस्त्याला लागली. चाकांत हवा भरपूर होती, तरी सायकल जड चालत होती, मागे कोणाला डबलसीट घेतल्यासारखी. सावळघाटाच्या चढावर तर छाती फुटायची वेळ आली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच जास्त राग येत होता.

"बसा, बसा! ओढते मी!" ती मागे न बघता ओरडली.

माथ्यावर तिनं डबा उघडून भाकरी आणि ठेचा एका दगडावर मांडला.

"पोटभर जेवा आणि इथूनच परत फिरा. माझ्या दारात पुन्हा यायचं नाही. सायकल माझी आहे आणि ती मी चालवणार."

काहीच हाललं नाही. ती सायकलवर बसली, आणि सायकल हलकी झाली होती.

तृप्ती मोठ्यानं हसली. जिंकली होती ती! उतारावर तिनं ब्रेकही लावला नाही.

खालच्या वळणावर लावला.

झाडाखाली केळीची तीन पानं ओळीनं मांडली होती, घरातल्या तिघांना पुरतील अशी. प्रत्येकावर चिकट भात, वाफाळता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

सायकल वळवून सुटावं असं तिला वाटलं. पण पळून जाणाऱ्यांतली ती नव्हती.

"होऊ द्या," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मग तिची नजर तिसऱ्या पानाकडे गेली.

तिथला भात मऊ कालवलेला होता. दात नाहीत म्हणून पुतळाबाईंना घरी कालवून देतात, अगदी तसा.

त्यातला एक घास कोणीतरी आधीच उचलला होता.