कडीपर्यंत चार बोटं

"साहेब, मागच्या दाराच्या चौकटीला ओल धरलीय," रंगारी म्हणाला. "तीनदा पुसली. पुसली की परत येते. वर पाण्याची टाकी आहे का?"

वर टाकी नव्हती. वर नुसती गच्ची, आणि गेल्या आठ दिवसांत पावसाचा थेंब पडलेला नव्हता.

"राहू द्या," मी म्हटलं. "त्या चौकटीला रंग लावायचा नाही, सकाळीच सांगितलं होतं."

"लावला नाही हो. पण भिंतीला अजून एक हात द्यायचाय. ती ओल भिंतीत उतरली तर उद्या तुम्हीच म्हणाल, रंगाऱ्यानं थुंकी लावून काम केलं."

एवढ्यात वीज गेली. दिवेलागणीची वेळ होती. रंगाऱ्यानं कुंचला पाण्यात ठेवला, मी मेणबत्ती लावली आणि दोघांसाठी चहा टाकला. खरं सांगायचं तर रंग हे निमित्त होतं. आजच्या दिवशी मला घरात एकटं राहायचं नव्हतं. गेली दोन वर्षं या दिवशी माझ्यासोबत एक बाई असायची. ती हिवाळ्यात गेली.

"बसा," मी त्याला म्हटलं. "ओल कसली ते सांगतो. मग हसा किंवा पैसे घेऊन घरी जा."

त्याला जे सांगितलं ते असं.

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या जिल्ह्याची सगळी माहिती एका पुस्तकात घालायचं ठरलं. इतिहास, भूगोल, माणसं, धंदे, सगळं. आमचा जिल्हा म्हणजे काय, तर एक नदी आणि तिच्या काठाला चिकटून राहिलेली माणसं. दर पाच-दहा वर्षांनी ती कूस बदलते. एका गावाची शाळा या काठाला राहिली आणि पोरं त्या काठाला, तेव्हा पोरांनी वर्षभर आनंदानं सुट्टी घेतली. तिथे पूर आकड्यांनी ओळखत नाहीत. म्हशींचा पूर, वरातीचा पूर, शाळेचा पूर असं म्हणतात. ज्यानं जे नेलं त्याचं नाव त्याला. पुरांचं प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मोजमापात मी कधी चुकत नाही अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवलेली होती.

काठावरच्या घरांत पूर ओसरला की पाणी जिथपर्यंत चढलं तिथे भिंतीवर रेघ ओढून ठेवतात. मी टेप घेऊन गावोगाव त्या रेघा मोजत फिरलो. एका गावात, अगदी खालच्या आळीत, शेवटचं घर नावाड्याचं होतं. नावाडी वारलेला. घरात कुणी नव्हतं, पण दार सताड उघडं. मी हाक मारली, ओ आली नाही, म्हणून आत गेलो. मागचं दार नदीकडे उघडणारं. त्याच्या चौकटीवर एकावर एक अकरा रेघा होत्या. खालच्या तीन कोळशाच्या, वरच्या आठ गाळाच्या, मातकट. सगळ्यांत वरची सहा फुटांना दीड इंच कमी.

मी हरखलो. इतका मोठा पुरावा सबंध जिल्ह्यात सापडला नव्हता. शेजारच्या घरात मात्र दोनच रेघा, त्याही गुडघ्याएवढ्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. कुणाला तरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. 'नावाड्याचे घर खोलगट जागी असावे' असा खुलासा माझा मीच लिहून मोकळा झालो.

पुस्तक छापलं गेलं. वरच्या साहेबांनी ते वाचलं, आणि माझ्या अकरा रेघांच्या भरवशावर ती आळी राहण्यास धोक्याची ठरली. घरं रिकामी करायची, पाडायची, माणसांना टेकडीवर खोल्या द्यायच्या. वर्षभरानं नोटीस द्यायलाही मलाच पाठवलं.

त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ इतकं खाली आलं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता. नावाड्याची बायको मागच्या दाराशी जमिनीवर बसली होती. पन्नाशीची असेल, पण केस पार पांढरे. मी नोटीस पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"बसा साहेब," ती हळूच म्हणाली. "पण बोलू नका. आज तिचा दिवस आहे."

"कुणाचा?"

"बुटकीचा."

मग काकूंनी, मी पुढे त्यांना काकूच म्हणू लागलो, खालच्या आवाजात सांगितलं. त्यांना एकच मुलगी होती, वयाच्या मानानं उंचीनं कमी, म्हणून बाप तिला बुटकी म्हणायचा. पोर सारखी नदीवर पळायची. म्हणून बापानं मागच्या दाराची कडी आतून मुद्दाम सव्वासहा फुटांवर बसवली. पोर रुसली. तेव्हा त्यानं तिला शब्द दिला, "कडीला हात पोचला की वल्हं तुझ्या हातात." दर वर्षी ती टाचा उंचावून हात ताणायची आणि बोटं पोचतील तिथे बाप कोळशानं रेघ ओढायचा. अशा तीन रेघा झाल्या. चौथ्या वर्षी न सांगता पूर आला. त्याला काठावर अजूनही 'न सांगता आलेला' असंच म्हणतात. नावाडी पलीकडची माणसं अलीकडे आणत होता. काकू शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पाठीवर घेऊन टेकडीवर गेल्या. पोर मागे लागेल म्हणून पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि म्हणाल्या, "आत्ता आले गं."

"तेवढ्यात पाणी शिरलं," काकू म्हणाल्या. "मागच्या दाराशी सापडली. पातेलं पालथं घालून त्यावर चढली होती. नखांत लाकडाच्या ढलप्या होत्या, साहेब... कडीच्या खाली चार बोटं ओरखडलेलं होतं. चार बोटं कमी पडली माझ्या पोरीला."

नावाड्यानं त्या दिवशी नाव काठावर पालथी घातली ती पुन्हा सुलटी केली नाही. दोन वर्षांत तोही गेला.

"आणि या रेघा?" मी विचारलं.

"कोळशाच्या त्याच्या. वरच्या तिच्या."

मी काही बोलणार, तोच वास आला. गाळाचा, कुजलेल्या लव्हाळ्याचा. दार बंद होतं, जमीन कोरडी होती, आणि तरी कुठेतरी पाण्याचे थेंब पडत होते... टप्... टप्... मग लाकडावरून काहीतरी ओलं घासत वर जाऊ लागलं. सावकाश. थांबत थांबत. मला दिसलं काहीच नाही. काकू मात्र चौकटीकडे तोंड करून गुडघ्यांवर उठल्या होत्या.

"टाचा उचल गं," त्या कुजबुजल्या. "अजून... अजून जरा... हां. शाबास गं बुटके."

आणि आधीच्या रेघेच्या वर, माझ्या डोळ्यांदेखत, गाळाची एक ओली रेघ उमटली.

मी टेप काढला नाही. काकूंनीच आपली बोटं रेघेवर टेकवून कडीपर्यंत मोजली. "चार राहिली," त्या म्हणाल्या, आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. "पहिल्या वर्षी मी दार उघडंच टाकलं होतं हो. म्हटलं, जा बाई कुठे जायचं तिथे. नाही गेली. तिला कडी तिच्याच हातानं काढायचीय. पण मुली या वयानंतर वाढत नाहीत फारशा. दर वर्षी रेघ थोडीच वर सरकते. ती बुटकीच राहिली तर, साहेब? कायमची आतच राहील का?"

माझ्या खिशात नोटीस होती. तिच्यावर कारण म्हणून माझ्याच अकरा रेघा लिहिलेल्या होत्या. त्या क्षणी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी साहेबांकडे गेलो, हातापाया पडलो. चूक माझी आहे, तो पूर नव्हता, म्हणून विनवलं. साहेब म्हणाले, "पूर नव्हता तर काय होतं?" आणि छापलेलं खोटं कसं म्हणायचं, हा त्यांचा दुसरा प्रश्न. घर पडलं. टेकडीवरच्या खोल्यांना पत्र्याची दारं होती, मागचं दार नव्हतंच. मी ती चौकट दारासकट, कडीसकट इथे आणली आणि मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दाराच्या जागी बसवली. कडी दोन इंच खाली घेऊ का, असं मी काकूंना विचारलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तिला कळेल. आपल्याला फसवलं असं वाटेल तिला."

नदीपासून इतक्या लांब, तिसऱ्या मजल्यावर ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या वर्षी काकू आल्या, चौकटीसमोर बसल्या, आणि दिवेलागणीला गाळाचा वास आला. रेघ उमटली. दोन बोटं राहिली. पुढच्या वर्षी एक. त्या वर्षी काकूंना खोकल्यानं बोलवत नव्हतं. जिना उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, "मी नसले तर तुम्ही म्हणा हं तिला शाबास. कुणीतरी म्हणायला हवं. नाहीतर तिला कळायचं कसं, आपण पोचलो ते." हिवाळ्यात त्या गेल्या. टेकडीवरच्या खोलीत, पत्र्याच्या दाराआड, एकट्या.

"आणि आज तो दिवस आहे," मी रंगाऱ्याला म्हटलं. "म्हणून ती ओल."

रंगारी हसला नाही. त्याच्या हातातला चहा निवला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "त्या काकू... डाव्या खांद्यानं जरा वाकलेल्या होत्या का?"

वाकलेल्या होत्या. म्हातारीला पाठीवर घेऊन टेकडी चढताना तो खांदा कायमचा गेला होता. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"दुपारी डबा खायला मी मागच्या जिन्यानं खाली गेलो," तो म्हणाला. "तुमच्या दाराबाहेर पायरीवर एक म्हातारी बसलेली. मी म्हटलं, कोण हवंय आजी? म्हणाली, पोरगी आत आहे, बाहेर येईल, मी इथेच थांबते. मला वाटलं तुमच्याकडे कामाला कुणी आहे. मग मला विचारते, अजून किती राहिलंय रे? मी म्हटलं, झालंच आजी... एकच हात राहिलाय."

"मग?"

"रंगाचं म्हणालो हो मी. पण तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, तुझ्या तोंडात साखर पडो. हात गारठलेला होता नुसता... आणि ओला."

आम्ही दोघंही स्वयंपाकघराच्या पलीकडच्या अंधाराकडे, आतून कडी लावलेल्या मागच्या दाराकडे बघत राहिलो. गाळाचा वास आला. लाकडावरून काहीतरी घासत वर गेलं, थांबलं. पुन्हा गेलं. थांबलं. मला ठाऊक होतं, आत्ता बोलायला हवं. मी शब्द दिला होता. तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती.

खट्.

कडी पडली. आमच्यापैकी कुणीही जागचं हललं नव्हतं. दाराच्या बिजागऱ्या करकरल्या आणि जिन्यावरची गार हवा आत आली. मेणबत्ती विझली.

"शा..." मी कसाबसा म्हणालो.

माझा शब्द पुरा व्हायच्या आधीच बाहेर, अगदी दाराशी, एका बाईच्या घोगऱ्या आवाजात तो कुणीतरी पुरा केला.