सत्ताविसावी गोष्ट

"माझ्या नवऱ्याचा आवाज चोरीला गेलाय," ती म्हणाली. कडेवरची मुलगी तिच्या ओढणीचं टोक चघळत होती.

खाजगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे 'घार' म्हणत. त्यांच्या सोबतीला असत निवृत्त चित्रकला-मास्तर. मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

नवरा दुखणाईत होता. जायच्या आधी त्याने लेकीसाठी घरच्या कॉम्प्युटरवर गोष्टी सांगून ठेवल्या होत्या.

"सव्वीस झाल्या. सत्ताविसावी त्या रविवारी दुपारी सांगणार होता. मी हिला घेऊन शेजारच्या खोलीत आडवी झाले, डोळा लागला. उठले तर तो गेलेला. आता ते गोष्टींचं फोल्डर उघडलं की येतं, तुम्हाला परवानगी नाही. परवानग्या बदलता येतात फक्त त्याच्या अ‍ॅडमिन खात्यातून. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस म्हणतो, ते खातं शेवटचं सोमवारी उघडलंय."

"म्हणजे मेल्यानंतर?" मास्तर दचकले.

"फोल्डर आधी कधी बंद केलं होतं?" घारीने विचारलं.

"दिराची पोरं खेळायला आली की तो बंद करायचा, गेली की उघडायचा. शेवटी हातात चमचा धरवत नव्हता, पण त्यात कधी चूक नाही. मी दिवसभर कामावर."

घरी गेल्यावर घारीने आधी कीबोर्डवरून बोट फिरवलं. सहा बटणांवर ते चिकटलं. धुळीचे बारके चौकोन. पलंगाशेजारी औषधं तशीच होती, सलाईनच्या चिकटपट्टीचं रीळही.

दीर दारातच भडकला. "मला कॉम्प्युटर हवाय, हो! वहिनीला सांगितलंय तसं. पण दादाचा पासवर्ड मिळाला असता तर सगळं पुसून केव्हाच घेऊन गेलो असतो. कुलूप लावत कोण बसतंय?"

"माणूस उद्धट, पण मुद्दा बरोबर," घार पुटपुटली.

सासूबाई जाड चष्मा पुसत होत्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. झोपेतच गेला माझा पोर. कासवाची गोष्ट अर्धीच राहिली बघा."

मास्तरांनी जिन्यातच निकाल दिला. "दीर!"

"मास्तर, चला परत वर."

सगळे कॉम्प्युटरपुढे जमले.

"ज्याला चमचा धरवत नाही, त्याचा पासवर्ड कोण दाबत होतं?" घार म्हणाली. "दिवसभर घरी असणारं. अक्षरं न वाचता येणारं, म्हणून बटणांवर चिकटपट्टी. नंतर ती काढली, डिंक राहिला. आणि झोपेत गेलेल्या माणसाची गोष्ट अर्धी राहत नाही, आजी. तुम्ही तिथे होतात."

"आई?" सून म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा खाली ठेवला. "पट्ट्यांवर आकडे घातले होते. एक ते सहा. त्यानेच शिकवलं. पुसायचं बटणही ठाऊक होतं मला. पण आवाज होता ना गं त्याचा. आणि एकच गोष्ट लपवता येईना, म्हणून सगळंच बंद केलं."

"उघडा," सून म्हणाली.

एक बोट, सहा बटणं.

सत्ताविसाव्या गोष्टीतलं कासव नदीपर्यंत पोचलं होतं. मग खोकला. मग दम लागलेला आवाज. "आई, तिला उठवू नकोस. तीन रात्री डोळा लागला नाहीये तिचा."

"अरे, पण—"

"नको."

पुढे चाळीस मिनिटं त्याचा श्वास. मग तोही नाही. सासूबाईंचा दबलेला हुंदका. आणि त्यामागे, शेजारच्या खोलीतून, दमलेल्या बाईचं बारीक, एकसुरी घोरणं.

सुनेने ते ओळखलं. तिने तोंडावर हात दाबला.

"हे तुझ्या कानावर पडू नये, एवढंच," सासूबाई म्हणाल्या. "तू जन्मभर झोपली नसतीस."

दिराने मान खाली घातली.

सून उठली. मुलीला तिने सासूच्या मांडीवर ठेवलं.

"बाकीच्या सव्वीस हिच्यासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून द्या," ती घारीला म्हणाली. "ही बंदच असू दे. आणि आई, पासवर्ड मला सांगू नका. मी कितीही मागितला तरी."