कोब्यावरची पन्नी

"मी नाई निजत बाप्पा लाकडावर," गोदावरीबाई माझ्या कानाशी कुरकुरली. बैठकीच्या मधोमध, उघड्या कोब्यावर बसली होती. घरात खाट असून वर्षभर ती तिथंच निजायची.

तिच्या लेकाला, मनिषला, नवी बायको यायच्या आत कोब्यावर सागवानी पट्ट्या हव्या होत्या. पहिली, चंदा, नाकाडोंगरीला माहेरी गेली ती परतलीच नाही, असं सारं एकोडी गाव म्हणायचं. मीही म्हणायची. कोबा त्याच हप्त्यात घातलेला.

लाकूडकाम मी नवरा गेल्यावर त्याच्याच हत्यारांनी शिकले. पहिली लाकडी जमीन घातली ती माझ्या घरची. तिच्यावर पाहुणे अजून ठेचकाळतात. कोब्यात ओल असली की लाकूड फुगतं, हे तिनंच शिकवलं. म्हणून आधी प्लास्टिकच्या पन्नीचे चौकोन चहूबाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवायचे. आत दव धरलं, तर थांबायचं. जागा द्यायला गोदावरीबाई उठली खरी, पण भिंतीला टेकून पन्नीकडंच बघत बसली.

सकाळी कोपऱ्यांतल्या पन्न्या कोरड्या ठक्क होत्या. मधली आतून धुरकटलेली. मागं धानाची पाण्यानं भरलेली बांधी, ओल असणारच, मी मनाशी म्हटलं.

मग ती स्वच्छ झाली. आणि पुन्हा धुरकटली.

मी पंखा बंद केला, दार लोटलं. आरशाजवळ तोंड नेल्यावर पडतो तसा वाटोळा डाग. यायचा, विरायचा. हात ठेवून पाहिला. सारा कोबा गार, तेवढीच जागा कोमट. "इथंच कोमट लागून राहिलं," मी म्हटलं.

"ऊन पडून राहिलं असंल," दार ढकलून मनिष उंबऱ्यातूनच म्हणाला. आत आला नाही.

"खिडकी तर उत्तरेले हाय रे."

"काकू, डबल पन्नी टाका अन् बसवा पट्ट्या. पाहुणे येऊन राहिले."

काम त्याचं, घर त्याचं. मी वरून दुसरी पन्नी अंथरली, जाड.

खालचा डाग घाईघाईनं येऊ लागला.

गोदावरीबाई सरपटत आली. नखानं टेप उचकटू लागली. निघेना.

"माय, उठ."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. माझं मनगट धरलं.

"तृप्ती, सोड थे. चंदा नाई गेली माहेरी. तिचं तोंड नोको झाकू."