मधलं फूल

पटलं नाही तर सोडून द्या. आमच्या घरात हे तीन पिढ्या कोणालाच पटलेलं नाही, आणि तरीही सगळ्यांना ठाऊक आहे.

मी एरवी लोकांची टिंगल करून लिहितो. त्यामुळे मी भुताचं काही सांगायला लागलो की ऐकणारे आधीच हसायला तयार होऊन बसतात. हरकत नाही. हसून घ्या.

हे माझ्या वडिलांनी, दौलतरावांनी, डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पाहिलं कमी. ऐकलं जास्त.

साल एकोणीसशे एकवीस. महिना नोव्हेंबर. गाव जऊळक्यापासून पायवाटेनं जवळ. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि जिल्ह्याचा गोरा साहेब अकोल्याला राहायचा.

आम्ही माळी. चावडीच्या मागच्या अंगाला आमचा मळा. वांगी, मेथी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू.

वडिलांचा थोरला भाऊ जगदेव. तो पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन बसऱ्याकडे गेला. जाताना घरची कुदळ खोपटात उभी करून गेला. त्या कुदळीचं पातं दांड्यात ढिलं होतं. माती खणली की आधी ठप् वाजायचं, मग पातं हलून खण्.

ठप्... खण्.

बायको रोज म्हणायची, पाचर ठोका. तो रोज म्हणायचा, उद्या ठोकतो. भरतीच्या दिवशीही तेच झालं.

"परत आलो का पहिले पाचर ठोकतो, मंग घरात पाय ठेवतो."

लढाई संपली. बाकीचे आले.

जगदेव आला नाही.

पलटणीकडून निरोप आला, माणूस सापडत नाही, मेला असं समजावं. समजावं! साहेबांच्या भाषेत शोक करण्याचाही हुकूम निघतो.

त्याची बायको मनकर्णाबाई. आमची मोठी माय. तिनं समजून घ्यायला नकार दिला. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या अवजारांना झेंडूचं फूल वाहतात. जो माणूस गेला त्याच्या अवजाराला त्या वर्षी फूल नाही. ते दुसऱ्याच्या हाती जातं. मोठी माय दर खंडेनवमीला जगदेवच्या कुदळीला फूल वाहायची आणि त्या कुदळीला कोणाला हात लावू द्यायची नाही.

सासरे, म्हणजे माझे आजोबा शालिग्राम, बघायचे आणि दुसरीकडे तोंड फिरवायचे.

अशात सरकारनं गावाला एक दगड दिला. पांढरा. या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत, असं त्यावर कोरलेलं. परतले नाहीत त्यात एकच. तो चावडीसमोर बसवायचा, साहेब येणार, दगडाला हार घालायचा.

आणि आसपास झेंडू फक्त आमच्या मळ्यात.

पंजाबराव पाटील स्वतः मळ्यात आले.

"मनकर्णे, हार तुयाच हातचा पायजे. साहेबानं खास सांगतलं, घरच्या माणसाचा पायजे म्हणून."

"जित्या माणसाच्या दगडाले हार घालू का, पाटील?"

"जिता हाय तं हाय कुठं?"

"थे तुमच्या साहेबाले इचारा. त्यायनंच नेला."

पाटलांना उत्तर सुचलं नाही की ते हुकूम देत.

"हार झाला पायजे. अन् कमानीलेबी फुलं पायजेत. नाई तं मळ्याचं पानी कसं चालते थे पाह्यतो म्या."

पाणी बंद म्हणजे मळा गेला. मोठ्या मायनं पहाटे सगळा झेंडू तोडला. झाडावर एक फूल ठेवलं नाही. हार ओवला. मधोमध सगळ्यात मोठं, केशरी, गोंड्यासारखं फूल घातलं. ओवताना ती रडली नाही, असं वडील सांगत. सुई मात्र दोनदा बोटात घुसली.

आता त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम. साहेबाच्या देशात मेलेल्या शिपायासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहतात म्हणे.

आमच्या गावात दोन मिनिटं गप्प!

पाटलांनी दवंडी पिटवली. दळणाची जाती बंद. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. कुत्री वेशीबाहेर हाकलली. तान्ही पोरं त्यांच्या आयांसकट पार नाल्यापलीकडे पाठवली. रुपाबाई नावाची एक बाई होती, तिला सतत बोलायची सवय. तिला पाटलांनी वेगळं बोलावून समज दिली.

"बाप्पा, मी मेली तरी बोलाची राहणार नाई," ती म्हणाली, आणि त्यावर बराच वेळ बोलली.

साहेब आला. छातीला कापडाचं लाल फूल टोचलेलं, मेलेल्या शिपायांच्या आठवणीचं. तसंच एक त्यानं आजोबांच्या छातीला टोचलं. आमच्याकडे छातीला फूल लावलं की लोक विचारतात, लग्न कोणाचं? आजोबा मान खाली घालून उभे.

हार दगडावर चढला. अकरा वाजले. साहेबानं हात वर केला.

सगळं थांबलं.

वडील सांगत, आपल्या गावाला इतका आवाज आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. कारण तो नव्हता.

वारा नाही.

पाखरू नाही.

आणि मग...

ठप्... खण्.

मळ्यातून.

वडिलांना वाटलं, भास. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या छातीवरचं लाल फूल थरथरत होतं.

ठप्... खण्.

कोणीतरी पाण्याची वाट मोकळी करत होतं. सावकाश. रोजचं काम केल्यासारखं.

घरातला एकूण एक माणूस चावडीसमोर उभा होता.

मोठी माय धावली. दोन पावलं गेली असेल, साहेबाबरोबर आलेल्या रामसिंग शिपायानं तिचा दंड धरला. पाटलांनी तोंडावर बोट ठेवलं. ती ओरडणार, तर शिपायाचा दुसरा हात तिच्या तोंडावर.

ठप्... खण्.

अख्खं गाव ऐकत होतं आणि अख्खं गाव हुकमानं उभं होतं. वडील तरणे होते, अंगात जोर होता. पण साहेबाचा हात वर होता. ते हलले नाहीत. कोणीच हललं नाही. मोठी माय शिपायाच्या हातात नुसती तडफडत होती, आवाज न करता.

साहेबाचा हात खाली आला.

आवाज थांबला.

सगळे मळ्यात धावले. मोट कोरडी. बैल सोडलेले. आणि झेंडूच्या वाफ्यात पाणी भरलेलं... गार, वाहतं.

जगदेवची कुदळ बांधावर उभी होती. पात्याला ओली माती.

दांड्यावर एक फूल.

मोठं, केशरी, गोंड्यासारखं.

मोठी माय माघारी चावडीकडे पळाली. दगडावर हार तसाच होता. मधलं फूल नव्हतं. दोरा तुटलेला नव्हता, गाठ सुटलेली नव्हती.

नुसती जागा.

त्या संध्याकाळी आजोबांनी छातीवरचं लाल फूल काढून चुलीत टाकलं आणि सुनेला एवढंच म्हणाले, "कुकू पुसू नको, बाई."

वडिलांनी कुदळ घरात आणली, आतल्या खोलीत आढ्याला टांगली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती भुताची नाही.

मोठ्या मायला वाटलं, तो येतो. रोज येतो. फक्त गावाच्या गलबल्यात ऐकू येत नाही. मग ती लोकांच्या दारोदार जायची.

"दोन मिन्टं गप बसा ना, बापा. फक्त दोन मिन्टं."

लोक बसायचे. मग कोणी शिंकायचं. कोणाचं पोरगं रडायचं. कोणाची म्हैस. रुपाबाई विचारायची, "आलं का वो ऐकू?" आणि झालं. ती पाटलांच्या पाया पडली, पुन्हा तशी दवंडी द्या म्हणून. पाटील म्हणाले, "कायले येड्यावानी करतं? वरून हुकूम आल्याबिगर मले गाव गप करता येत नाई."

वरून हुकूम आला नाही. दगड बसवून झाला होता.

वीस-बावीस वर्षं ती बाई शांततेची भीक मागत फिरली. दुसरी लढाई आली, पुन्हा भरती झाली. तरी तिचं तेच. गाव तिला बघून मुद्दाम भांडी वाजवायला लागलं होतं. थट्टेनं नाही.

भीतीनं.

ती गेली तेव्हा भर दुपार होती. घरात बायका जमलेल्या, सूर लावायच्या बेतात. तिनं हात हलवला.

"रडू नका. ऐकू द्या मले."

वडिलांनी सगळ्यांना हात जोडले. "वयनी काई मागत नाई दुसरं. गप राहा." ते दार अडवून उभे राहिले. या वेळी रुपाबाईनं स्वतःच्या तोंडात पदर कोंबला.

घर गप्प झालं.

बराच वेळ काही नाही...

मग, मळ्याकडून...

ठप्... खण्.

या खेपेला वडिलांना अडवायला कोणा साहेबाचा हात वर नव्हता. तरीही ते हलले नाहीत. हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

ठप्... खण्. जवळ. अंगणात.

मोठ्या मायनं दाराकडे पाहिलं. रोजच्या कटकटीच्या सुरात म्हणाली, "पहिले पाचर ठोका. मंग घरात या."

आणि संपली.

तिला हिरवं लुगडं नेसवावं की पांढरं, यावर गावात वाद झाला. वडिलांनी हिरवं नेसवलं.

स्मशानातून परत आल्यावर त्यांनी आतल्या खोलीत जाऊन वर पाहिलं. कुदळ आढ्याला होती, जागची हललेली नव्हती.

दांड्यात पाचर ठोकलेली होती.

बाभळीची. ताजी. सालीला अजून ओल.

ती कुदळ आमच्याकडे आहे. दर खंडेनवमीला आम्ही तिला फूल वाहतो. न वाहून बघायची हिंमत मी तरी केलेली नाही. तिनं कोणी माती खणत नाही.

मला भुतांचं काही वाटत नाही. फक्त सभेत कोणी गेल्याबद्दल दोन मिनिटं उभं राहायला सांगतात ना, तेव्हा मी न चुकता खोकतो. लोक रागानं बघतात. बघू देत.

पूर्वी निदान खण् वाजायचं. ओळखू यायचं.

आता पातं घट्ट बसलंय.

आता नुसतं ठप् होईल... आणि ते कोण, हे कळायचं नाही.