लू आजोबांचा लांब सूर

डायलिसिसच्या मशीनवर ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा कुणी खात नाही. मशीनने शहाण्या मुलासारखं वागावं म्हणून तो ठेवायचा. हिरवाच हवा, आणि तारीख उलटलेली नको. लुकांगच्या त्या छोट्या दवाखान्यात पुडे बदलायचं काम पेई-रोंग नर्सकडे होतं. दुपारची पाळी सुरू होण्याआधी तिने सगळे बदलले. कोपऱ्यातल्या मशीनपाशी मात्र तिचा हात अडला. हवेने टम्म फुगलेला नवा पुडा तिने कसाबसा वर ठेवला आणि पाठ फिरवली.

गेल्या महिन्यात लू आजोबा त्याच मशीनजवळच्या खुर्चीत गेले होते. माझू देवीच्या मिरवणुकीत जन्मभर सनई वाजवलेला माणूस. डायलिसिस सुरू झालं की कधीकधी श्वास घ्यायची घाईच शरीर विसरतं. श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. हे पेई-रोंगला पाठ होतं. तरी त्या दिवशी आजोबांच्या बोटावरच्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याची घंटा वाजत राहिली, तेव्हा तिने ती बंद केली. सनईवाल्याचा दम लांबच असणार, आणि गार बोटावर चिमटा चुकतोच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नंतर डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. तिने मान हलवली. घंटेचं कुणालाच कळलं नाही, आणि तेच तिला आतून खात होतं.

"मला ह्यांचीच खुर्ची दे गं," लू आजी आत येत म्हणाल्या. त्यांचंही डायलिसिस तिथेच चालायचं.

"आजी, खिडकीजवळची घ्या ना. उजेड आहे."

"उजेड घेऊन काय करू, भरतकाम?" आजी खुर्चीत टेकल्या. "आमच्या लग्नात ह्यांनी असा सूर धरला, की पाहुण्यांचं सूप गार झालं. मेला सोडेचना. तू त्यांना शेवटी शांत झोपू दिलंस, पोरी. तुझे उपकार आहेत."

 पेई-रोंगने सुया टोचल्या, मशीन सुरू केलं. त्या दिवशीचाच चिमटा खुंटीवर लटकत होता. त्याला हात लावायचं तिच्या जिवावर आलं. लावू जरा वेळाने, असं म्हणून ती बाजूला झाली.

बाहेर समुद्रावरचा वारा सुटला होता. भर दुपारी अंधारून आलं. मशीन धुतल्याचा व्हिनेगरसारखा वास खोलीत साचला होता. आजींना झोप लागली.

तेवढ्यात कागद चुरगळल्यासारखा आवाज आला... अगदी हलका.

कोपऱ्यातला हिरवा पुडा हळूहळू आत बसत होता. मग तितक्याच सावकाश फुगला. पुन्हा बसला. प्रत्येक वेळी जास्त लांब, जास्त संथ. ही लय तिने पूर्वी पाहिली होती, पांघरुणाखालच्या छातीवर. शेवटी पुडा खाली बसला तो बसलाच.

तिची नजर आजींकडे गेली. त्यांची छाती हलत नव्हती.

तिने चिमटा ओढून आजींच्या बोटाला लावला. घंटा ठणाणा वाजू लागली. "डॉक्टर!" तिने हाक मारली, ऑक्सिजनचा मास्क चढवला, आजींना गदागदा हलवलं. "आजी, श्वास घ्या... घ्या ना हो..."

डॉक्टर पोचले तोवर आजींनी मोठ्याने श्वास ओढला. ऑक्सिजनचा आकडा चढला. तपासून, धीर देऊन डॉक्टर फोनपाशी गेले, तेव्हा आजींनी मास्क थोडा बाजूला केला.

"हे वाजवत होते गं. लांब सूर होता. म्हटलं, सूर संपू दे, मग घेते श्वास..."

"आजी, बोलू नका."

"मधेच थांबले. म्हणाले, त्या पोरीला उठव. त्या दिवशी घंटा बंद केलीन्, आज चिमटाच लावला नाही."

 पेई-रोंग आजींच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"खरं आहे, आजी," ती कशीबशी म्हणाली. "मीच..."

आजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मास्क नीट बसवला आणि डोळे मिटले. त्यांचा श्वास आता भरभर, नेमाने चालला होता.

वर हिरवा पुडा मात्र पुन्हा भरू लागला. टम्म फुगला आणि तसाच थांबला. तो खाली बसायची वाट पाहत पेई-रोंग कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिनेही श्वास सोडलेला नाही.