बंद खोलीत कोण हललं?

“आत कुणी नाहीये,” हेरंब खिडकीच्या गजांना नाक लावून म्हणाला. “ट्रंका आहेत, मोडका पाळणा आहे आणि कोळ्यांची वस्ती आहे. बस.”

“पण इथे दिवा लागलाय ना!” जिन्याखालून अमोघचा आवाज आला.

सोसायटीतला तिचा मित्र हेरंब आणि अमोघ या दोघांच्या मधल्या बोळात संयोगिता कमरेवर हात ठेवून उभी होती. सुट्टी लागल्यापासून कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत एवढी मोठी भानगड पहिल्यांदाच हाती लागली होती. एरवी तिने उड्या मारल्या असत्या. पण ही भानगड आबांच्या मुळावर आली होती.

आबा म्हणजे शेजारचे मानसिंगराव. संयोगिता आणि तिचा धाकटा भाऊ अमोघ यांच्या घराला लागूनच त्यांचं टेनामेंट, म्हणजे जोडघर, होतं. तिथे ते एकटे राहत. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या महाराजांच्या फौजेत होते, आणि आबा अजूनही सोसायटीतल्या पोरांना रोज संध्याकाळी दांडपट्टा शिकवत. त्यांचा मुलगा समरजित पुण्याला नोकरीला होता. वडील घरात पडले-झडले तर आपल्याला कळावं, म्हणून त्याने उन्हाळ्याच्या तोंडावर घरभर सेन्सर बसवून घेतले होते. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी. डबीतून निघालेली वायर थेट जिन्याखालच्या पॅनेलपर्यंत. डबीसमोर कुणी हललं की तिच्यात लाल ठिपका चमकायचा, पॅनेलवर त्या खोलीचा दिवा लागायचा आणि तिकडे पुण्यात समरजितकाकांचा फोन वाजायचा.

तो आता रोज वाजत होता. आणि दरवेळी मागच्या सामानाच्या खोलीसाठी, जिला बाहेरून कुलूप होतं.

आबा म्हणत, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. सेन्सर बसवणारे हार्दिकभाई पाहायला आले, हॉलमध्ये बसून चहा प्यायले, पॅनेलवरची धूळ पुसली आणि म्हणाले, “वायरिंगमां कोई वांधो नथी, सगळं ठीक आहे. काका स्वतःच जात असतील, मग विसरत असतील.” समरजितकाकांना ते पटलं. वडिलांना विसरायला होतंय, आता त्यांना एकटं ठेवणं बरं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. रविवारी येऊन आबांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरलंसुद्धा.

मागच्या महिन्यात दांडपट्ट्यात कोणाचा पाय कुठे चुकला, हे ज्यांना आठवतं ते आबा खोलीत गेलेलं विसरतात? संयोगिताला हे मुळीच पटत नव्हतं. पण काल तिने एक गोष्ट पाहिली होती. आबा त्या दारापाशी उभे होते आणि कुलूप ओढून ओढून बघत होते, आपण खरंच ते लावलंय ना, याची खात्री नसल्यासारखे.

“हेरंब,” ती म्हणाली, “डबीतला लाल ठिपका चमकतोय का बघ.”

“छे. डबी झोपलीय.”

“आणि पॅनेलवर दिवा आहे?”

“आहे,” अमोघ म्हणाला. “आत्ता विझला. परत लागला.”

मग डबीला काहीच दिसलं नसताना पॅनेलला चहाडी केली कुणी?

संध्याकाळी संयोगिताने हा प्रश्न आईपुढे टाकला. तिची आई, नलिनी, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होती. पोळ्या लाटता लाटता तिने सांगितलं, की त्यांच्याकडे वायर तुटली तर सिग्नल आपोआप लाल होतो. वायरीतून वीज वाहतेय तोवर सगळं ठीक. ती थांबली की धोका आहे असंच समजायचं. वायरीच्या सेन्सरचंही बहुतेक तसंच असतं. हालचाल दिसली की डबी क्षणभर वीज तोडते.

“म्हणजे वायरच कुठे सुटली तर?”

“तर पॅनेलला वाटणार, खोलीत कुणीतरी हललं,” आई म्हणाली आणि थबकली. “उघड्या वायरीला हात लावायचा नाही हं कुणी.”

दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा आबांकडे ठाण मांडून बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. अमोघला तर पेंग यायला लागली. मग बोळातल्या भिंतीतून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि पॅनेलवर दिवा लागला. आवाज थांबला, दिवा विझला. गच्चीवरची टाकी उतरली की पाण्याची मोटार आपोआप चालू व्हायची, आणि बोळातला पाइप थरथरायचा.

संयोगिताने वर पाहिलं. पाइप माळ्यावरून जात होता. मागच्या खोलीची वायरही तिकडेच गेली होती.

आबांनी शिडी धरली, हेरंब बॅटरी घेऊन चढला. वरून म्हणाला, वायर पाइपालाच बांधलीय, आणि मध्येच दोन तुकडे नुसते पिळून जोडलेत. वरची टेप सुटून लोंबतेय.

अमोघ लगेच नवी टेप आणायला पळाला. संयोगिताने त्याचा सदरा धरला. “आज दुरुस्त केलं तर रविवारी दाखवायचं काय?”

रविवारी समरजितकाका आले. डब्या उतरवायच्या आहेत, असा निरोप देऊन आबांनी हार्दिकभाईंनाही बोलावून घेतलं होतं. संयोगिताने काकांना सामानाच्या खोलीचं कुलूप स्वतः तपासायला लावलं, किल्ली त्यांच्याच खिशात ठेवायला सांगितली आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. तिने अमोघला खूण केली. त्याने मोटारीचं बटण दाबलं.

घूंऽऽ. काकांच्या हातातला फोन वाजला.

ते फोनकडे बघत राहिले, मग समोर बसलेल्या वडिलांकडे.

“उंदीर असेल,” हार्दिकभाई घाईने म्हणाले.

अमोघने मोटार बंद केली. फोन गप्प. पुन्हा चालू केली. फोन वाजला.

“मोटारीच्या तालावर नाचणारा उंदीर आहे का?” हेरंबने विचारलं.

मग हार्दिकभाईंना शिडी चढावीच लागली. ते वर जरा जास्तच वेळ थांबले. खाली आले तेव्हा मान खाली होती. त्या दिवशी वायर अपुरी पडली होती, माळ्यावर कोण बघायला जातंय, असं वाटलं, असं त्यांनी कबूल केलं. आणि लगेच कामाला लागून, पाइपापासून दूर, अख्खी नवी वायर ओढून दिली. मोटार चालू करून पाहिली. दिवा लागला नाही.

समरजितकाका वडिलांच्या शेजारी येऊन बसले. “आबा, मी यंत्राचं ऐकलं, तुमचं नाही.”

“अरे, माझाच माझ्यावरचा भरवसा उडत चालला होता,” आबा हळूच म्हणाले. त्यांनी तिघांनाही जवळ ओढलं. “या पोरांचा उडाला नाही, म्हणून वाचलो.”

काकांनी संयोगिताची पाठ थोपटली, आणि आमच्या ऑफिसात अशी डोकी हवी आहेत, असं म्हणाले. मग त्यांनी फोन उघडला. परतीची दोन तिकिटं काढलेली होती.

“एक रद्द करून टाकतो,” ते म्हणाले.

“दोन्ही कर,” आबा म्हणाले. “आलाच आहेस, तर राहा चार दिवस.”